पास्कलचा नियम आणि गाडीचा क्लच : दोष कसा ओळखायचा, सिलेंडर कसे बदलायचे (इयत्ता आठवी, 'बल व दाब' – पूरक पाठ)



'बल व दाब' शिकवताना आपण द्रवाच्या दाबाची उदाहरणे म्हणून हायड्रॉलिक जॅक, गाड्या धुवायची लिफ्ट अशी नावे फळ्यावर लिहितो. मुलं ती वहीत उतरवून घेतात आणि विषय तिथेच संपतो. पण आमच्या शाळेतल्या पुष्कळ मुलांच्या घरी वडापची जीप आहे, कुणाकडे पिकअप आहे, कुणाचे वडील दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर आहेत. पास्कलचा नियम रोज त्यांच्या दारात उभा असतो. म्हणून आजचा पाठ गाडीच्या क्लचवर. यात विज्ञान आहे, आणि सोबत गाडी बिघडल्यावर उपयोगी पडेल अशी माहितीसुद्धा आहे. मुलांनी प्रयोगापर्यंतचा भाग स्वतः करावा; गाडीचं काम मोठ्यांनी करायचं आणि मुलांनी बाजूला उभं राहून बघायचं, एवढं आधीच सांगून ठेवते.

क्लच म्हणजे नक्की काय?

इंजिन सुरू असतं तेव्हा ते सतत फिरत असतं. चाकं मात्र कधी थांबलेली, कधी फिरणारी. मग इंजिन आणि गिअरबॉक्स यांची जोडणी हवी तेव्हा तोडता आली पाहिजे, हवी तेव्हा जोडता आली पाहिजे. हे काम क्लच करतो. इंजिनाच्या मागे एक जड चाक असतं, फ्लायव्हील. त्याला एक गोल चकती चिकटून बसलेली असते, ती क्लच प्लेट. आणि त्या चकतीला मागून घट्ट दाबून धरणारी स्प्रिंगची प्रेशर प्लेट. आपण पेडल दाबलं की ही स्प्रिंग उलटी ढकलली जाते, चकती मोकळी होते, इंजिन एकटं फिरत राहतं. पेडल सोडलं की पुन्हा पकड.

इथे मुलांना एक गंमत सांगायची. पेडल दाबल्यावर क्लच 'लागतो' असं आपण बोलतो, पण खरं तर दाबल्यावर तो सुटतो. सोडल्यावर धरतो. ही गोष्ट डोक्यात पक्की ठेवा, दोष शोधताना हिचाच उपयोग होणार आहे.

आता पाय आहे केबिनमध्ये आणि क्लच आहे पुढे इंजिनाच्या मागे, लोखंडी पेटीत. पायाचं बल तिथपर्यंत न्यायचं कसं? मोटारसायकलला वायर असते ती तुम्ही बघितलीच आहे. मारुती ८००, अल्टो अशा लहान गाड्यांमध्येही क्लचची वायरच असते. बोलेरो, इनोव्हा अशा गाड्यांमध्ये मात्र वायरऐवजी तेलाने भरलेली नळी असते. नळीच्या वरच्या टोकाला, पेडलजवळ, एक सिलेंडर; खालच्या टोकाला, गिअरबॉक्सजवळ, दुसरा सिलेंडर. वरचा तो मास्टर सिलेंडर, खालचा स्लेव्ह सिलेंडर. गॅरेजमध्ये यांना सरळ 'अप्पर' आणि 'लोअर' म्हणतात. मीही पुढे तसंच म्हणणार आहे, कारण दुकानात मागताना तोच शब्द चालतो.

आधी वर्गात करून बघू

साहित्य : सुई काढलेली ५ मिलीची एक सिरिंज, २० मिलीची एक सिरिंज, सलाईनच्या नळीचा हातभर तुकडा (नवी नळी घ्या, दवाखान्यातली वापरलेली नको), शाई घातलेलं पाणी.

दोन्ही सिरिंज नळीने जोडायच्या. आत पाणी भरताना हवेचा एकही बुडबुडा राहू द्यायचा नाही. हे म्हणायला सोपं आहे, पण मुलांना इथे दहा मिनिटं लागतात आणि ती लागू द्यावीत, कारण पुढे गाडीत हेच काम 'एअर काढणे' या नावाने येणार आहे. नळी पाण्याच्या बादलीत बुडवून जोडली तर काम लवकर होतं.

आता लहान सिरिंजचा दट्ट्या दाबा. मोठीचा दट्ट्या लगेच वर येतो. एका मुलाला लहान दाबायला सांगा आणि दुसऱ्याला मोठी रोखून धरायला. लहान दाबणारा जिंकतो! वर्गातल्या सगळ्यात किरकोळ मुलाला लहान सिरिंज द्या, मजा येते.

कारण काय, तर पास्कलचा नियम : बंद भांड्यातल्या द्रवाला एका ठिकाणी दाब दिला की तो सगळीकडे सारखाच पोहोचतो. ब्लेझ पास्कल हा फ्रान्सचा शास्त्रज्ञ (१६२३–१६६२). द्रवांच्या समतोलावरचा त्याचा ग्रंथ तो वारल्यानंतर १६६३ साली छापला गेला. दाबाच्या एककाला त्याचंच नाव आहे.

दाब सारखा, पण क्षेत्रफळ वेगळं, म्हणून बल वेगळं. क्षेत्रफळ काढायला πr² अजून न जमणाऱ्या मुलांसाठी एक सोपी युक्ती आहे. सिरिंजवर मिली छापलेलेच असतात. ५ मिलीच्या खुणेपर्यंतची लांबी फूटपट्टीने मोजा. आमच्या सिरिंजची भरली ४.१ सेंमी. आकारमान भागिले लांबी, म्हणजे ५ ÷ ४.१ = सुमारे १.२२ चौ. सेंमी. २० मिलीच्या सिरिंजची लांबी ६.७ सेंमी, म्हणजे २० ÷ ६.७ = सुमारे २.९९ चौ. सेंमी. मोठीचं क्षेत्रफळ लहानीच्या जवळजवळ अडीच पट. म्हणून बलही अडीच पट (रबराच्या घर्षणात थोडं जातं, तेवढं सोडून द्या).

फुकट मात्र काही मिळत नाही. लहान दट्ट्या पूर्ण ४.१ सेंमी सरकवला तर मोठा फक्त १.७ सेंमीच्या आसपास सरकतो. बल वाढलं, अंतर कमी झालं. हे मुलांकडून मोजून घ्याच.

आता दुसरा भाग, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. नळी काढून लहान सिरिंजमध्ये नुसतं पाणी भरा, तोंड बोटाने घट्ट बंद करा आणि दाबा. दट्ट्या हलत नाही, भिंतीला हात लावल्यासारखं वाटतं. मग थोडं पाणी काढून २ मिली हवा घ्या आणि दाबा. आता दट्ट्या आत जातो, सोडला की परत येतो. गादीवर बसल्यासारखं. पाणी दबत नाही, हवा दबते. क्लचच्या तेलाच्या वाटेत हवा शिरली तर पायाचं सगळं चालणं ती हवा दाबण्यातच जातं, आणि खालचा सिलेंडर जागचा फारसा हलत नाही.

आता गाडीचा हिशोब

समजा अप्परचा व्यास १५.८७ मिमी आहे आणि लोअरचा १९.०५ मिमी. (हे आकडे विचित्र वाटतात, कारण ते मूळचे इंचात आहेत : पाच अष्टमांश आणि पाऊण इंच. दोन्ही माप गाड्यांमध्ये सर्रास आढळतात.) क्षेत्रफळं होतात सुमारे १९८ आणि २८५ चौ. मिमी. गुणोत्तर १.४४.

पायाने पेडलवर १०० न्यूटन बल लावलं. पेडल ही तरफ आहे. ती बल सहा पट करते असं धरू. अप्परच्या दांड्यावर ६०० न्यूटन. दाब = ६०० ÷ १९८ = सुमारे ३ न्यूटन प्रति चौ. मिमी, म्हणजेच ३० लाख पास्कल. टायरमध्ये आपण ३०-३५ पीएसआय हवा भरतो ना, त्याच मापात हा दाब ४४० पीएसआयच्या आसपास जातो. आणि लोअरच्या दांड्यावर बल येतं सुमारे ८६४ न्यूटन. तळपायाने सहज दाबलेलं पेडल तिकडे जवळजवळ ८८ किलो वजनाइतकं ढकलतं.

अंतराचा हिशोब उलटा. पेडल १४४ मिमी खाली गेलं, तर अप्परचा दांडा २४ मिमी सरकतो आणि लोअरचा २४ ÷ १.४४ = १६.७ मिमी. प्रत्यक्षात पेडलची ढिलाई आणि रबरी नळीचं थोडं फुगणं धरून त्याहून जरा कमी भरतं. हा शेवटचा आकडा लक्षात ठेवा. खरा आकडा प्रत्येक गाडीचा वेगळा असतो, पण मोजायची जागा हीच.

दोष कुठे आहे? आधी एकच प्रश्न विचारा

गाडी बिघडली की ड्रायव्हर म्हणतात, "क्लच गेला." पण क्लच दोन प्रकारे जातो.

एक, क्लच धरत नाही. म्हणजे घाट चढताना रेस वाढते, इंजिन ओरडतं, पण गाडी ओढत नाही, जळका वास येतो. इथे बहुतेक वेळा प्लेट झिजलेली असते.

दुसरा, क्लच सुटत नाही. पेडल खाली दाबूनही गिअर पडत नाही, रिव्हर्स टाकताना करकर आवाज येतो, पेडल मऊ लागतं किंवा खालीच चिकटून राहतं. पण इंजिन बंद केलं की सगळे गिअर लोण्यासारखे पडतात. इथे गिअरबॉक्स सहसा ठीक असतो. संशय घ्यायचा तो तेलाच्या वाटेवर.

हा फरक न विचारता काम सुरू झालं की पैसे जातात. आमच्या शाळेतल्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांच्या जीपचं असंच झालं होतं. गिअर पडत नव्हता. एका गॅरेजवाल्याने बघता बघता सांगितलं, गिअरबॉक्स उतरवू, प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग सगळा सेट टाकू, दोन दिवस गाडी ठेवा. दोन दिवस गाडी उभी म्हणजे दोन दिवस घरात पैसा नाही. त्यांनी दुसऱ्या मिस्त्रीला विचारलं. त्याने पेडल दाबायला लावून खालून लोअरच्या दांड्याला पट्टी लावली. दांडा जेमतेम ८-९ मिमी हलत होता आणि रबरी टोपीत तेल साठलं होतं. लोअर बदलला, एअर काढली, संध्याकाळी गाडी लाईनवर. पहिला मिस्त्री लबाड होता असं मी म्हणत नाही. त्याने मोजलं नाही, एवढंच.

तपासणी कशी करायची

सुरुवात बॉनेट उघडून तेलाच्या डबीपासून करा. काही गाड्यांमध्ये क्लचची वेगळी डबी असते, काहींमध्ये ब्रेकच्याच डबीतून एक नळी क्लचला जाते. पातळी खाली गेली असेल तर तेल कुठेतरी बाहेर जातंय. इथे एक मजेशीर गोष्ट आहे : ब्रेकचे पॅड झिजले की ब्रेकच्या डबीतली पातळी हळूहळू उतरते, पण क्लच प्लेट झिजली की लोअरचा पिस्टन मागे ढकलला जातो आणि क्लचच्या डबीत तेल किंचित वरच येतं. म्हणून क्लचच्या वेगळ्या डबीतलं तेल कमी होत असेल, तर "झिजेमुळे होतं" हे उत्तर चालणार नाही. गळती शोधायचीच. आणि डबी एकच असेल तर विषय ब्रेकपर्यंत जातो, मग उद्यावर ढकलू नका. क्लचची नळी डबीला जरा वरच्या बाजूला जोडलेली असते, क्लचने तेल गमावलं तरी ब्रेकपुरतं शिल्लक राहावं म्हणून. पण ती सोय आहे, भरवशावर चालवायचं साधन नाही.

मग केबिनमध्ये पेडलच्या वर बॅटरी मारा. अप्परचा दांडा जिथे पत्र्यातून पलीकडे जातो तिथे बोट फिरवा. ओलं, चिकट लागलं, रंग सोललेला दिसला, खालची मॅट ओली असली तर अप्परचं मागचं रबर गेलं. त्यानंतर खाली लोअर बघा. दांड्यावरची रबरी टोपी जराशी मागे सारा. आत तेल साठलेलं दिसलं तर लोअर गेला.

गिअरबॉक्स आणि इंजिन जिथे जुळतात त्या पेटीखालून थेंब पडत असतील तर गोंधळ होतो. ते ब्रेक ऑइल आहे, इंजिन ऑइल आहे की गिअर ऑइल? यावर घरगुती परीक्षा आहे. थेंब कागदावर किंवा चमच्यात धरा आणि पेलाभर पाण्यात सोडा. ब्रेक ऑइल पाण्यात मिसळून जातं. इंजिन किंवा गिअर ऑइल वर तरंगतं. कारण ब्रेक ऑइल हे नावालाच ऑइल आहे, ते ग्लायकॉल जातीचं रसायन आहे. (पेला नंतर स्वयंपाकघरात नेऊ नका, ते विषारी आहे.)

बाहेर कुठेच गळती नाही, तरी पेडल खाली जातं? मग आतली गळती. अप्परच्या पिस्टनचं पुढचं रबर झिजलं की दाबलेलं तेल रबराच्या कडेने मागे सरकतं आणि डबीत परत जातं. बाहेर एक थेंब दिसत नाही, पातळीही कमी होत नाही, म्हणून हा दोष सगळ्यात जास्त चकवतो. ओळखायचं असं : इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, चाकांना दगड लावलेले. एकाने पेडल हळू दाबून तसंच धरून ठेवायचं. दुसऱ्याने लोअरचा दांडा बघत राहायचं. पेडल धरलेलं असताना दांडा हळूहळू माघारी येऊ लागला आणि बाहेर गळती नसेल, तर अप्पर गेलेला आहे. सिग्नलला पहिला गिअर टाकून क्लच दाबून उभं असताना गाडी आपोआप पुढे सरकू लागते, ती याचीच खूण. गर्दीत हे किती धोक्याचं आहे ते वेगळं सांगायला नको.

पेडल पटपट दोन-तीनदा मारल्यावर गिअर पडतो आणि पुन्हा थोड्या वेळाने तेच? मग आत हवा असण्याची शक्यता जास्त. एअर काढली की बरं वाटेल. पण हवा आपोआप जन्माला येत नाही. जिथून तेल बाहेर येतं किंवा डबी रिकामी झाली तिथूनच ती आत गेली. आठवड्याला एअर काढत बसणारे ड्रायव्हर मी बघितलेत, ते रबराचा खर्च वाचवत नाहीत, फक्त पुढे ढकलतात. जुन्या गाडीत रबरी नळीकडेही बघा. पेडल दाबल्यावर ती हाताला फुगलेली जाणवली तर तीही बदला.

आणि शेवटी फूटपट्टी. लोअरचा दांडा किती सरकतो ते मोजा, गाडीच्या पुस्तकातल्या आकड्याशी ताडून बघा. पुस्तक नसेल तर त्याच मॉडेलच्या चांगल्या गाडीचा दांडा मोजा. वडापच्या स्टँडवर अशी दुसरी गाडी मिळतेच. अंतर कमी भरलं तर दोष तेलाच्या वाटेत (किंवा पेडलच्या झिजलेल्या बुशात, तेही हलवून बघा). अंतर पूर्ण भरतंय, तरी क्लच सुटत नाही? मग सिलेंडरांना दोष देऊ नका. फोर्क, बेअरिंग, प्रेशर प्लेट यांच्याकडे जा. तेव्हा गिअरबॉक्स उतरवणं रास्त आहे.

एक अपवाद सांगायला हवा. सिलेंडरमुळे कधी कधी क्लच 'धरत नाही' असंही होतं. अप्परमध्ये एक बारीक भोक असतं, पेडल सोडल्यावर तेल त्यातून डबीत परत जातं. दांडा जास्त ताणून बसवला किंवा भोक घाणीने बुजलं, की तेल अडकून राहतं, इंजिनच्या उष्णतेने फुगतं आणि पाय न लावताच क्लच अर्धवट दाबलेला राहतो. प्लेट घसरतेय असं वाटलं तर लोअरचं निपल जरासं ढिलं करून बघा. तेलाची चिळकांडी उडाली आणि घसरणं थांबलं, तर नवी प्लेट टाकायची गरज नाही.

बदलायचं कसं

किट टाकायचं की पूर्ण सिलेंडर? पिस्टन बाहेर काढून सिलेंडरची आतली भिंत बॅटरीने बघा, नखाने चाचपा. गुळगुळीत असेल तर रबराचं किट चालतं. ओरखडे किंवा गंजाचे खड्डे असतील तर नवीन रबर थोड्याच दिवसांत कापलं जाईल. पूर्ण सिलेंडर घ्या. एक गेला की दुसराही बदलावा का? दोघांची रबरं एकाच वयाची असतात, म्हणून जुन्या गाडीत दोन्ही एकदम बदललेले बरे असं माझं मत. पैशांची अडचण असेल तर दोषी तेवढा बदला आणि दुसऱ्यावर लक्ष ठेवा.

तेल कोणतं, तर डबीच्या झाकणावर छापलेलं असतं, बहुतेक डॉट ३ किंवा डॉट ४. कोरड्या डॉट ३ ची उत्कलनबिंदूची किमान मर्यादा २०५ अंश सेल्सिअस, डॉट ४ ची २३० अंश. हे तेल हवेतली वाफ शोषून घेतं. ओलावा धरल्यावर हीच मर्यादा १४० आणि १५५ वर येते. म्हणून वर्षभर उघडी पडलेली बाटली वापरू नका. आणि इंजिन ऑइल तर चुकूनही नाही, त्याने आतली रबरं फुगून निकामी होतात. हे तेल रंगही खातं, तेव्हा मडगार्डवर फडकं टाका, थेंब पडला तर लगेच पाणी ओता. डोळ्यांना चष्मा लावा.

लोअरचं काम तुलनेने सोपं. गाडी सपाट जागी, चाकांना दगड, आणि खाली जायचं असेल तर गाडी मजबूत स्टँडवर. नुसत्या जॅकच्या भरवशावर कुणीही खाली शिरायचं नाही. पाइपचा नट आधी थोडा ढिला करा, मग सिलेंडरचे बोल्ट काढा (बहुधा दोन असतात), मग पाइप पूर्ण सोडवा. नट पितळी किंवा मऊ असतो, उघडा पाना घसरून त्याचे कोपरे गोल होतात, म्हणून पाइपचा खास पाना वापरावा. पाइपच्या तोंडाला रबराची टोपी लावा. सिलेंडर उतरवलेला असताना कुणालाही पेडल दाबू देऊ नका, पिस्टन बाहेर उडून येतो. नवा बसवताना पाइपचा नट आधी हाताने दोन-तीन आटे फिरवून घ्या आणि नंतर सिलेंडर आवळा; उलट केलं तर आटे वाकडे बसतात. तांब्याचे वॉशर असतील तर नवेच टाका.

अप्परसाठी आधी डबीतलं तेल सिरिंजने ओढून घ्या (वर्गातली २० मिलीची सिरिंज इथे कामाला येते, पण मग ती वर्गात परत आणू नका). डबी ब्रेकशी सामाईक असेल तर पूर्ण रिकामी करू नका. क्लचची नळी काढून लगेच बूच लावा, ब्रेकच्या वाटेत हवा गेली तर ब्रेकचीही एअर काढावी लागेल. मग केबिनमध्ये पेडलची पिन आणि क्लिप काढा. हे काम मान वाकडी करून करावं लागतं, क्लिप मॅटखाली हरवते, तयारी ठेवा. पलीकडून पाइप आणि दोन नट सोडले की सिलेंडर हातात. नवा बसवण्याआधी त्यात तेल भरून पिस्टन हाताने चार-सहा वेळा दाबून घ्या, बरीच हवा तिथेच निघते. बसवल्यावर दांड्याला किंचित मोकळीक ठेवा, किती ते गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं. शून्य मोकळीक म्हणजे वर सांगितलेलं अडकलेलं तेल.

काही गाड्यांमध्ये लोअर बाहेर नसतोच. तो बेअरिंगसह गिअरबॉक्सच्या तोंडाशी, पेटीच्या आत गोल बसवलेला असतो. तिथे दांडा दिसत नाही, पट्टी लावता येत नाही, आणि बदलायला गिअरबॉक्स उतरवावाच लागतो. मजुरी एकदाच पडते, म्हणून प्लेट अर्धी झिजली असली तरी त्याच वेळी बदलतात, आणि ते बरोबर आहे.

एअर काढणे

दोन माणसं हवीत. लोअरच्या निपलवर पारदर्शक नळी लावा, दुसरं टोक बाटलीत थोड्या तेलात बुडवून ठेवा. निपल सिलेंडरच्या वरच्या बाजूला आलं पाहिजे, कारण बुडबुडा वर जातो. उलटा बसवलेला लोअर कितीही वेळा मारला तरी एअर सोडत नाही.

वरच्याने पेडल हळू दाबायचं आणि "दाबलं" म्हणायचं. खालच्याने निपल अर्धा फेरा उघडायचं; तेल आणि बुडबुडे बाहेर येतील. निपल बंद करून "सोड" म्हणायचं. मगच पेडल वर. निपल उघडं असताना पेडल सोडलं तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सगळी मेहनत वाया. सुरुवातीला पेडल स्वतःहून वर येत नाही, हाताने उचलावं लागतं, घाबरू नका. दर पाच-सहा वेळा डबीत तेल टाका. नळीतून बुडबुड्यांशिवाय स्वच्छ तेल येऊ लागलं की काम झालं. बाहेर आलेलं तेल परत डबीत ओतायचं नाही, आणि गटारात किंवा शेतातही नाही. बंद बाटलीत भरून गॅरेजच्या जुन्या तेलाच्या पिंपापाशी द्या, पण त्यांना ते ब्रेक ऑइल आहे असं सांगून.

मग पुन्हा फूटपट्टी लावा. पूर्वी ९ भरत होतं, आता किती भरतंय?

स्वाध्याय

१. अप्परचा व्यास १५.८७ मिमी तसाच ठेवून दुकानदाराने चुकून लोअर मोठ्या व्यासाचा दिला. पेडल हलकं लागेल की जड? दांडा जास्त सरकेल की कमी? क्लच पूर्ण सुटेल का?

२. सिरिंजच्या प्रयोगात १ मिली हवा राहिली असताना मोठा दट्ट्या किती सरकतो आणि अजिबात हवा नसताना किती, ते मोजून तक्ता करा.

३. एका गाडीचा क्लच घाटात धरत नाही, पण गिअर सगळे व्यवस्थित पडतात. दुसऱ्या गाडीचं उलट आहे. कोणत्या गाडीत आधी तेलाची वाट तपासाल, आणि का?

४. घरी किंवा शेजारी गाडी असेल तर मोठ्यांना विचारून तिचा क्लच वायरचा आहे की तेलाचा, आणि तेलाचा असल्यास डबी वेगळी आहे की ब्रेकची, ते लिहून आणा. डबीचं झाकण उघडू नका, बाहेरूनच बघा.